मुलांना नकाशा वाचायला कसा शिकवावा?

ओसरी
लेक तिसरीत आहे. परिसर अभ्यासात आपल्या जिल्ह्याचा नकाशा आहे आणि तो तिला धडाधड येतो. कोरा नकाशा दिला की तालुके, नद्या, घाट सगळं बिनचूक भरते. परवा गच्चीत कपडे वाळत घालताना सहज विचारलं, "उत्तर कुठे गं?" तिने बोट सरळ आभाळाकडे केलं! वर्गातला नकाशा भिंतीला टांगलेला असतो, त्यात उत्तर वर असते, म्हणून तिच्यासाठी उत्तर म्हणजे वर.

माझं ठाम मत झालंय की नकाशा भरणं वेगळं आणि नकाशा वाचणं वेगळं. शाळेत पहिल्यावर सगळा भर असतो, दुसरं कुणी करूनच घेत नाही. दहावीपर्यंत भूगोलाच्या पेपरात पैकीच्या पैकी मिळवणारी मुलं अनोळखी गावात नकाशा हातात घेऊन उभी राहिली की गोंधळतात.

तर प्रश्न असे: सुरुवात कोणत्या वयात करावी? कशापासून करावी? आणि फोन सतत हाताशी असताना मुलांना याची गोडी कशी लावावी? स्वतः केलेले प्रयोग सांगितलेत तर फार बरं होईल.

घाटमाथा
आधी तो नकाशा भिंतीवरून खाली काढा. जमिनीवर अंथरा आणि नकाशातली उत्तर खऱ्या उत्तरेशी जुळवून ठेवा. आता नकाशात जे उजवीकडे आहे ते खरंच उजवीकडे आहे. मुलीला नकाशावर आपल्या गावाजवळ बसवा आणि विचारा, "आजीकडे जायचं तर कोणत्या बाजूला तोंड करशील?" ती अंग वळवून दाखवेल. ते अंग वळवणं म्हणजेच नकाशा वाचायची सुरुवात.

रेघोटी
माझ्या मते तिसरी म्हणजे उशीरच. १९८७ साली मानसशास्त्रज्ञ ज्युडी डीलोश यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. खोलीची छोटी प्रतिकृती करून तिच्यात एक छोटं खेळणं लपवायचं आणि तसंच मोठं खेळणं खऱ्या खोलीत त्याच जागी लपवायचं. छोटं कुठे आहे ते मुलाला दाखवून मोठं शोधायला सांगायचं. अडीच वर्षांच्या बहुतेक मुलांना ते जमलं नाही, तीन वर्षांच्या बहुतेकांना जमलं. म्हणजे 'हे छोटं त्या मोठ्याच्या जागी आहे' ही समज तिसऱ्या वर्षाच्या आसपास येते. भातुकली मांडता मांडता घराची मांडणी करून घेता येते. दिशांची नावं नंतर आली तरी चालतात.

भूगोलाचा_तास
जिल्हा परिषदेच्या शाळेत तिसरी-चौथीला शिकवते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

मुलांना खरा अडथळा दिशांचा नसतो, 'वरून बघण्याचा' असतो. घर काढ म्हटलं की मूल समोरून दिसतं तसं काढतं: त्रिकोणी छप्पर, दार, दोन खिडक्या, शेजारी झाड. नकाशात मात्र घर वरून बघायचं असतं आणि वरून घर कुणी पाहिलेलंच नसतं. म्हणून मी नकाशाचं नावही न काढता सुरुवात करते. टेबलावर मोठा कागद अंथरायचा आणि त्यावर पेला, डबा, पुस्तक, पट्टी ठेवायची. प्रत्येक वस्तूभोवती पेन्सिल फिरवायची आणि वस्तू उचलून घ्यायच्या. कागदावर एक वर्तुळ, दोन आयत आणि एक लांब चिंचोळी पट्टी उरते. मग दुसऱ्या गटाला बोलवायचं: कोणती वस्तू कुठे होती ओळखा आणि परत मांडा. डबा गोल आणि पेल्याच्याच मापाचा असला की भांडण ठरलेलं! मग एक जण म्हणतो, "बाई, पेल्याला फुली मारू आणि डब्याला ठिपका देऊ." झाली सूची तयार, म्हणजे कोणती खूण कशाची ते सांगणारी यादी. व्याख्या सांगावी लागत नाही, सूची का लागते ते भांडणातून कळतं.

यानंतर वर्ग. मुलं पावलांनी लांबी-रुंदी मोजतात आणि एका पावलाला वहीतला एक चौकोन धरतात. दोघांच्या पावलांत फरक पडतो, एकाचा वर्ग लांब होतो, दुसऱ्याचा आखूड, आणि मुलं स्वतःच म्हणतात की सगळ्यांनी एकाच्याच पावलाने मोजू. हेच प्रमाण. आठवीच्या भूगोलात नकाशाप्रमाणाचा धडा येतो तेव्हा ही मुलं अडखळत नाहीत, हे मी वरच्या वर्गांना शिकवणाऱ्यांकडून ऐकलंय.

वर्गानंतर शाळेचं आवार, मग शाळा ते घर. जिल्हा सगळ्यांत शेवटी. पुस्तकात जिल्हा लवकर येतो, पण आठ वर्षांच्या मुलाने जिल्हा कधी पायाखालून घातलेला नसतो.

सरळ_मुद्दा
वर लिहिलेलं सगळं छान आहे, पण मूळ शंका राहतेच. फोनवर निळा ठिपका दिसतो, त्यातली बाई "दोनशे मीटरवर डावीकडे वळा" म्हणते. हे कौशल्य उद्या लागणार आहे का? लॉगची कोष्टकं आपण सोडून दिली, तसंच हेही सोडून द्यावं असं मला मनापासून वाटतं. तेवढ्या वेळात मूल दुसरं काही शिकेल.

रानवाटा
@सरळ_मुद्दा, सह्याद्रीत मुलांचे गट घेऊन फिरतो, त्या अनुभवावरून तीव्र असहमती.

रेंज नसली की फोन निकामी होतो असं म्हणत नाही. उपग्रहांकडून जागा कळायला मोबाइलचं नेटवर्क लागत नाही, नकाशा आधी उतरवून ठेवला तर ठिपका कड्यावरही दिसतो. पण ठिपका एवढंच सांगतो की तुम्ही इथे आहात. समोरची डोंगराची सोंड चढून गेली तर पुढे पठार आहे की कडा, हे समोच्चरेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेघा) वाचता आल्या तरच कळतं. पडद्यावर दोन ठिकाणं अर्ध्या किलोमीटरवर दिसतात आणि मध्ये तीनशे मीटर खोल दरी असते. आमच्याकडची मुलं फोन बघून "सर, आलंच की!" म्हणतात आणि मी म्हणतो, मधल्या रेघा मोज. वीस-वीस मीटरच्या पंधरा रेघा मोजून झाल्या की स्वर बदलतो.

सरळ_मुद्दा
डोंगराचं मान्य. शहरातल्या मुलाचं काय?

लोकलची_खिडकी
मुंबईच्या मुलांसाठी तर नकाशा दारातून जातो. पश्चिम रेल्वे घ्या. चर्चगेट दक्षिणेला, विरार उत्तरेला. विरारकडे तोंड करून उभं राहिलं की उजवा हात पूर्वेला, डावा पश्चिमेला, आणि प्रत्येक पत्त्यात पूर्व-पश्चिम लिहिलेलंच असतं. मी लेकाला स्टेशनवर विचारायचो, "समुद्र कोणत्या बाजूला?" पाचव्या वर्षी येत होतं.

दुसरी गंमत डब्यातल्या मार्गदर्शक पट्टीची. तिच्यात सगळी स्टेशनं सारख्या अंतरावर असतात. घड्याळ लावून बघा, मरीन लाइन्स ते चर्नी रोडला किती वेळ लागतो आणि वसई रोड ते नालासोपाऱ्याला किती. मुलाच्या लगेच लक्षात येतं की ही पट्टी खरी अंतरं दाखवत नाही, फक्त क्रम आणि गाडी कुठे बदलायची ते दाखवते. हॅरी बेकने लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी असा नकाशा केला, तो १९३३ साली लोकांच्या हातात आला. कोणता नकाशा कशासाठी आहे हे ओळखणं शहरातल्या मुलाला रोज लागतं.

डोंबिवलीकर
+१, पण पूर्व-पश्चिम डोळे झाकून धरू नका. आमच्याकडे रूळ दिवा स्टेशनाहून कल्याणकडे बरेचसे ईशान्येला झुकत जातात. नकाशा उघडून बघा, डोंबिवली पूर्व ही रुळांच्या पूर्वेपेक्षा दक्षिणेलाच जास्त आहे. पुतणीला हे दाखवलं तर ती भडकली, "मग नाव पूर्व का ठेवलं?" त्या भडकण्यातून ती होकायंत्र घेऊन सगळी सोसायटी फिरून आली.

तारांगण
दिशांचा विषय निघालाच आहे तर महत्त्वाचं. 'सूर्य पूर्वेला उगवतो' हे वाक्य मुलांना अर्धवट शिकवलं जातं. नेमका पूर्वेला तो २१ मार्च आणि २३ सप्टेंबरच्या आसपासच उगवतो. पुण्याच्या अक्षांशावर जूनअखेरीस उगवती पूर्वबिंदूपासून उत्तरेकडे साधारण २५ अंश सरकते आणि डिसेंबरअखेरीस तेवढीच दक्षिणेकडे. हात लांब करून धरलेली मूठ साधारण १० अंश झाकते, म्हणजे अडीच मुठी! दर महिन्याला एकाच खिडकीतून सूर्य कोणत्या इमारतीमागून वर आला ते मुलांना वहीत चितारायला सांगा.

नेमकी उत्तर हवी असेल तर काठीची रीत. सपाट जमिनीत काठी सरळ उभी रोवा आणि तिच्याभोवती वर्तुळ काढा. सकाळी सावलीचं टोक वर्तुळाला आतल्या बाजूला जाताना जिथे शिवतं तिथे खूण करा, दुपारनंतर बाहेर पडताना शिवतं तिथे दुसरी. दोन खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम. कात्यायनाच्या शुल्बसूत्रात (यज्ञवेदी आखण्याच्या प्राचीन ग्रंथात) हीच रीत आहे, काठीला तिथे शंकू म्हटलंय. 'दुपारी बाराची सावली उत्तरेला' हा सोपा नियम मात्र आपल्याकडे फसतो. एक तर पुण्यात सूर्य माथ्यावर येतो साडेबाराच्या पुढेमागे. आणि मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तो दुपारी आपल्या उत्तरेला असतो, तेव्हा सावली दक्षिणेला पडते.

रात्री ध्रुवतारा. आपल्याकडे तो क्षितिजाच्या वर जेमतेम दोन मुठी असतो, म्हणून मधे इमारत आली की दिसत नाही. गावी गेल्यावर दाखवा.

पंचगंगा
आमचे आजोबा देवळावरून दिशा ओळखायला शिकवायचे. देव पूर्वेला तोंड करून असतो म्हणायचे. अंबाबाईला नेलं आणि आम्हीच विचारलं, मग इथे मावळतीची किरणं आत कशी येतात? कोल्हापूरची अंबाबाई पश्चिमाभिमुख आहे, म्हणून तर किरणोत्सव संध्याकाळी होतो. त्या दिवसापासून आजोबांनी 'बहुतेक देवळं' असं म्हणायला सुरुवात केली. :)

बांधावरून
गावाकडच्या पोरांना नकाशा शिकवायला बाहेरून काही आणायची गरज नाही. गावनकाशा घ्या. गट नंबर, ओढे, पाणंद, शिव सगळं त्यात असतं, आता महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या दिसतो. पोराला म्हणा, आपलं वावर शोध. सापडलं की चतुःसीमा सांगायला लावा. खरेदीखतात लिहितात तशी: पूर्वेस अमक्याचा गट, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस पाणंद, उत्तरेस तमक्याची विहीर. पोरगं बांधावर उभं राहून चारी बाजूंना हात करत बोलतं. शहरातल्यांनी घराची करा, बाकाची करा: माझ्या बाकाच्या पूर्वेस खिडकी, पश्चिमेस दार.

माझे चुलते मोजणी खात्यात होते. जुन्या मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणत. गुंठा म्हणजे ३३ फूट गुणिले ३३ फूट, ४० गुंठ्यांचा एकर. पोरांना दोरीला गाठी मारून ३३ फूट करून द्या आणि अंगण मोजायला लावा. मग फलकयंत्राची (मोजणीच्या सपाट फळ्याची) नक्कल करता येते: पाटावर कागद लावायचा, पट्टी धरून लांबच्या झाडाकडे नेम धरायचा, रेघ ओढायची. मग पाट उचलून दुसऱ्या ठरलेल्या जागी न्यायचा, पहिल्या जागेकडे नेम धरून पाट नीट लावून घ्यायचा आणि पुन्हा झाडाकडे रेघ. दोन रेघा जिथे छेदतात तिथे झाड. तिथवर न जाता झाड कागदावर येतं म्हटल्यावर पोरांचे डोळे मोठे होतात.

वणा_काठ
@बांधावरून, तुमच्या दोन जागा आणि झाड मिळून त्रिकोण होतो, हेच त्रिकोणाचं तत्त्व अख्ख्या देशाला लावलं गेलं. विल्यम लॅम्ब्टन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ पहिली पायारेषा (जिच्यावर पहिला त्रिकोण उभा राहतो ती रेघ) साखळीने मोजली आणि तिथून त्रिकोणामागून त्रिकोण जोडत उत्तरेकडे निघाला. काम चालू असतानाच १८२३ साली तो आमच्या हिंगणघाटला वारला, त्याची कबर इथेच आहे. हिंगणघाटच्या मुलांनाही हे माहीत नसतं याचं फार वाईट वाटतं.

शेफिल्डहून
इंग्लंडमधल्या शाळांचं सांगते. अभ्यासक्रमातच पाच ते सात वर्षांच्या मुलांना चार दिशा, हवाई छायाचित्रं ओळखणं आणि स्वतः साधा नकाशा सूचीसह काढणं आहे. सात ते अकरा वर्षांत आठ दिशा, चार आकडी आणि सहा आकडी सहनिर्देशक (नकाशावरची जागा सांगणारे आकडे), ऑर्डनन्स सर्व्हे या इथल्या सरकारी नकाशा संस्थेचे नकाशे वापरणं. चार आकडी म्हणजे एक किलोमीटरचा चौरस, सहा आकडी म्हणजे त्यातली शंभर मीटरची जागा. आधी आडवं वाचायचं, मग उभं, हे लेकाच्या इतकं अंगवळणी पडलंय की बुद्धिबळाच्या घरांनाही तो तसंच वाचतो.

पण एक फरक लक्षात घ्या. इथे १:२५,००० चा (एक सेंटिमीटरला २५० मीटर) नकाशा दुकानात सहज मिळतो आणि शनिवारी तो घेऊन कुटुंबं पायवाटांवर जातात. वापर असतो म्हणून शिकणं टिकतं. भारतात सुट्टीत आलो की मी लेकाच्या हातात शहराचा कागदी नकाशा देते आणि रिक्षात "आता आपण कुठे?" विचारत राहते. रिक्षावाले काका यात हमखास सामील होतात.

रानवाटा
@शेफिल्डहून, भारतातही नकाशे मिळतात, लोकांना माहीत नाही इतकंच. भारतीय सर्वेक्षण विभागाची (स्थापना १७६७, मुख्यालय डेहराडून) १:५०,००० ची स्थलदर्शक पत्रकं त्यांच्या ऑनलाइन संकेतस्थळावर नोंदणी करून पीडीएफमध्ये फुकट उतरवता येतात. एका पत्रकात साधारण २७ किलोमीटर लांब आणि २६ किलोमीटर रुंद भाग येतो. निळं म्हणजे पाणी, कोरडे ओढे काळे, हिरवं जंगल, पिवळी शेती, रस्ते आणि वस्ती लाल, समोच्चरेषा तपकिरी.

छापताना जपा. छापखान्यात कागदावर मावण्यासाठी पान लहान केलं की 'एक सेंटिमीटरला ५०० मीटर' हे गणित चुकतं. हे शब्दप्रमाण आणि १:५०,००० हे संख्याप्रमाण तेच छापलेलं राहतं पण खोटं ठरतं. खाली आखलेलं रेषाप्रमाण मात्र नकाशाबरोबरच लहान होतं, म्हणून ते खरं राहतं. मुलांना दोरा धरून त्यावरच मोजायला शिकवा.

दिवाळीचा_किल्ला
समोच्चरेषांसाठी मराठी घरात सगळ्यांत उत्तम साधन दर वर्षी तयार होतं आणि आपण त्यावर मावळे ठेवून गप्प बसतो! आमच्या वाड्यातल्या पोरांकडून मी हे करून घेतो.

किल्ला सपाट फरशीवर करायचा, गुडघ्याएवढा पुरे. माती ओलसर असतानाच काम करायचं. एक सरळ काठी घ्या, तिला खालून पाच सेंटिमीटरवर विणायची लांब सुई आडवी बांधा. काठी फरशीवर उभी ठेवून किल्ल्याभोवती फिरवा, सुईचं टोक मातीत ओरखडा काढत जातं. पूर्ण फेरी झाली की सुई दहावर बांधा, मग पंधरावर. वर जाल तशी सुई लांब लागते, तिथे छत्रीची काडी चालते. ओरखड्यांवर पांढरी रांगोळी सोडा. मग स्टुलावर चढून बरोबर वरून फोटो काढा. तो फोटो म्हणजे समोच्चरेषा नकाशा. कड्याच्या बाजूला रांगोळीच्या रेघा एकमेकींना चिकटलेल्या, माचीवर लांब लांब, बालेकिल्ला म्हणजे मधलं बंद वेटोळं.

आता फोटो हातात देऊन, किल्ल्याकडे पाठ करून विचारा: "मावळ्याला दमछाक न होता वर जायचंय, वाट कुठून काढशील?" रेघा जिथे विरळ आहेत तिथे बोट ठेवलं की वळून खरा किल्ला बघायचा. ज्यांनी राजगड केला असेल त्यांनी राजगडाचं पत्रक शेजारी ठेवावं. तीन बाजूंना पसरलेल्या माच्या आणि मधला बालेकिल्ला त्या तपकिरी रेघांत शोधताना पोरांना जेवायची शुद्ध राहत नाही. सातवीला समोच्चरेषांचा धडा आहे, त्याआधीच्या दिवाळीत हे कराच.

भूगोलाचा_तास
हा प्रतिसाद छापून शिक्षक-खोलीत लावते आहे!

स्पर्शरेषा
अंध मुलांच्या शाळेत काम करते. तिथे पुठ्ठ्यावर सुतळीच्या भिंती, दाराच्या जागी मोकळी फट, जिन्याला खरखरीत पॉलिश पेपरच्या पट्ट्या असा नकाशा करतो. मूल बोटाने वाट चालतं आणि मग खरोखर चालतं. नकाशा नेहमी मुलाच्या तोंडाच्या दिशेशी जुळवूनच द्यावा लागतो, म्हणून @घाटमाथा यांच्या पहिल्या प्रतिसादाला जोरदार अनुमोदन. डोळस मुलांनाही डोळे मिटून असा नकाशा वाचायला द्या, लक्ष किती वाढतं बघा.

लोकलची_खिडकी
नकाशा वळवण्याबद्दल माझं थोडं वेगळं मत. कायम वळवून दिला तर मूल उत्तर-वरचा नकाशा मनात फिरवायला शिकणार नाही, आणि पुस्तकात तर तोच येतो.

घाटमाथा
मान्य, पण क्रम महत्त्वाचा. आधी वळवून, पुष्कळ दिवस. मूल स्वतःहून नकाशा न वळवता बोट दाखवायला लागलं की समजायचं डोक्यात फिरतोय. घाई केली तर उत्तर आभाळात जाते.

सरळ_मुद्दा
किल्ल्याचा प्रतिसाद वाचून मत बदललं. लॉगच्या कोष्टकांशी तुलना मागे घेतो. कोष्टक उत्तर देऊन थांबतं, इथे मूल प्रश्न विचारायला लागतंय.

ओसरी
सगळ्यांचे मनापासून आभार, वाचनखूण साठवली आहे. मी ठरवलेला क्रम असा: या आठवड्यात पेला-डब्याचा कागद. मग गच्चीत काठी रोवून उत्तर शोधायची आणि खडूने बाण काढून ठेवायचा. जिल्ह्याचा नकाशा त्या बाणाशी जुळवून अंथरायचा. सुट्टीत गावी चतुःसीमा, आणि दिवाळीत किल्ला.

एक शंका राहिली: होकायंत्र कोणतं घ्यावं? फोनमधलं चालेल का?

रानवाटा
फोनमधलं नको, चुंबक लावलेलं कव्हर असलं की भरकटतं. पारदर्शक पट्टीवर बसवलेलं साधं होकायंत्र घ्या, ते नकाशावर ठेवून खालच्या रेघा दिसतात. लोखंडी कठड्यापासून आणि मोटारीपासून लांब उभं राहून वापरा. महाराष्ट्रात सुईची उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक एका अंशाच्या आतच असतो, मुलांसाठी तो सोडून द्या. अमेरिकेत सिएटलला तोच फरक १५ अंशांच्या आसपास आहे, त्यामुळे तिकडच्या वाचकांनी आधी त्याची बेरीज-वजाबाकी शिकवा. आणि गच्चीवरच्या काठीची रेष आणि सुई जुळते का ते लेकीलाच तपासू द्या. पाण्याची टाकी लोखंडी असेल तर तिच्याजवळ उभं राहिल्यावर जुळणार नाही, कारण तिलाच शोधायला सांगा.